पहिला ब्रेक

वेगवान गाडीला ब्रेकही रेसिंगचेच हवेत, हे म्हणणं इतकं सहज पटतं की ते तपासून पाहण्याच्या फंदात कुणी पडत नाही. सेकंडहँड स्टेशन वॅगन घेतली, आधीच्या मालकाने डिस्क पार खरवडून ठेवल्यात हे मिस्त्रीने दाखवलं, की नव्या मालकाची नजर आधी भोकं पाडलेल्या, खाचा मारलेल्या, अलॉय व्हीलच्या आरांमधून झळकणाऱ्या डिस्कवर जाते. आपल्या बाजारात वॅगन मुळात थोड्या आल्या. २००० नंतरच्या दशकातली स्कोडा ऑक्टेव्हिया कॉम्बी, पुढे व्होल्व्होची व्ही ९० क्रॉस कंट्री, आणि २०१५ मध्ये आलेली, सामान्य माणसाने फोटोतच पाहावी अशी ऑडीची आरएस ६ अव्हांत. जुन्या बाजारात आवाक्यात येते ती ऑक्टेव्हिया, म्हणून उदाहरणाला तीच बरी. हीच गाडी एमएच ३४ किंवा एमएच ३३ च्या पाटीने चंद्रपूर-गडचिरोलीत फिरणार असेल, तर तिच्या ब्रेकचा विचार उलट्या टोकाकडून करावा लागतो. रेसिंगच्या ब्रेकची सगळी रचना उष्णतेशी झुंजण्यासाठी केलेली असते. या दोन जिल्ह्यांत ब्रेकचे खरे शत्रू पाणी, धूळ, गंज आणि अंधार आहेत. उष्णतेचा नंबर बराच मागे लागतो.

देशातल्या सर्वांत तापणाऱ्या शहरांत ज्याचं नाव दर मे महिन्यात येतं, त्या चंद्रपुराबद्दल हे विधान धाडसाचं वाटेल, म्हणून आधी हिशेब मांडतो. ब्रेक म्हणजे गतीची उष्णता करणारं यंत्र. माणसं आणि सामान धरून १,८०० किलोची वॅगन ताशी १०० किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबवायची, तर सुमारे ७०० किलोज्यूल ऊर्जा डिस्कमध्ये उतरते. तिच्यातला पाऊण वाटा पुढच्या दोन चाकांवर येतो, कारण ब्रेक दाबताच गाडीचं वजन पुढे झुकतं. पुढची डिस्क साधारण ७ किलो बिडाची. बिडाची उष्णता साठवण्याची क्षमता लक्षात घेतली तर अशा एका थांब्याला तिचं तापमान ७० ते ७५ अंशांनी चढतं. चांगल्या प्रतीच्या साध्या पॅडची पकड सुटू लागते ती साधारण ३५० अंशांच्या पुढे. म्हणजे मध्ये थंड व्हायला उसंत न देता १०० वरून चार-पाच वेळा लागोपाठ गाडी थांबवली, तर प्रश्न उभा राहणार. रेस ट्रॅकवर हे पहिल्या दोन फेऱ्यांतच होतं. मूल ते सिंदेवाही रस्त्यावर असं करणाऱ्याला ब्रेकपेक्षा वेगळ्या सल्ल्याची गरज आहे.

पण बाहेरच ४७ अंश असताना डिस्क थंड तरी कशी होणार, ही शंका रास्त आहे. तापलेली वस्तू किती वेगाने निवते, हे तिच्या आणि हवेच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. डिस्क ३०० अंशांवर असेल तर २७ अंशांच्या हवेत हा फरक २७३, आणि ४७ अंशांच्या हवेत २५३. निवण्याचा वेग साताठ टक्क्यांनी घटला, एवढंच. माणसाला असह्य होणारा उन्हाळा डिस्कच्या खिजगणतीतही नसतो. दुसरी शंका घाटाची. कुरखेड्याहून कोरचीकडे जाताना बेडगावचा घाट लागतो, भामरागडच्या वाटेवरही चढउतार आहेत. १०० मीटर उंचीवरून ही गाडी खाली आणताना जी ऊर्जा जिरवावी लागते, ती १०० च्या वेगावरून अडीच वेळा थांबण्याइतकी होते. गिअर खालचा ठेवला तर तिचा मोठा वाटा इंजिनच घेतं. तिसरी शंका समृद्धी महामार्गाची. नागपुरातून पुढे मुंबईपर्यंतचे ७०१ किलोमीटर २०२५ च्या जूनपासून पूर्ण खुले झाले, मग वेगाला ब्रेक नकोत का? वेगमर्यादा तिथे १२०. त्या वेगावरून थांबायला ऊर्जा जवळजवळ दीडपट लागते, म्हणजे डिस्क शंभरेक अंशांनी चढेल. आणि एकदा थांबल्यावर पुन्हा १२० गाठेपर्यंत, पुढचा ब्रेक लागेपर्यंत, ती निवलेली असेल. हिशेब कुठूनही केला तरी मूळ मापाची साधी, आतून हवा खेळणारी डिस्क या कामाला पुरून उरते.

आता दुसरी बाजू. आलापल्लीकडून भामरागडकडे किंवा चंद्रपुरातून मोहर्लीकडे निघालेली गाडी सागाच्या जंगलातून दहा-पंधरा मिनिटं ब्रेकला पाय न लावता चालू शकते. पावसाळ्यात त्या वेळात डिस्क ओली होते, हिवाळ्याच्या पहाटे गार पडते. आणि मग चितळ उडी मारतं. किंवा रोही येते, रानडुकरांची रांग येते. २०२१ पासून छत्तीसगडातून गडचिरोलीत उतरलेले हत्ती आहेत, आणि मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला अंधारातच निघालेली माणसंही रस्त्याच्या कडेने असतात. इथला प्राण वाचवणारा ब्रेक हा असा असतो: एकच, पूर्वसूचनेशिवाय, थंड डिस्कवर. ट्रॅकसाठी बनवलेला पॅड नेमका इथेच हात टेकतो. त्याचं मिश्रण २०० अंशांच्या पुढे रंगात येतं; गार असताना त्याची पकड साध्या पॅडपेक्षा कमी भरते. समजा घर्षणाचा गुणांक ०.४ ऐवजी ०.३ मिळाला. पायाचा दाब तोच राहिला, तर गाडी मंदावण्याचा जोर एक चतुर्थांशाने कमी होतो आणि थांबण्याचं अंतर एक तृतीयांशाने वाढतं. ताशी ८० वरून कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरवर लागणारे ३१ मीटर मग ४१ वर जातात. दहा मीटर म्हणजे वॅगनच्या दोन लांब्यांहून जास्त. शिवाय ब्रेकवर पाय पडण्याआधीच, पाहणं-समजणं-दाबणं यांत सुमारे दीड सेकंद जातो आणि तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे आलेली असते. खालच्या झोताच्या दिव्यांचा कामाचा उजेड कमी-जास्त ५० मीटर. चांगला पॅड घेऊनही ८० चा वेग त्या उजेडात मावत नाही. ६० चा कसाबसा मावतो. गार पॅडच्या तऱ्हेवाईकपणासाठी या गणितात जागाच शिल्लक नाही.

इथे जाणकार वाचक अडवेल. एबीएस असलेल्या गाडीत जोरात पाय मारला की चाकं अडण्याच्या काठापर्यंत येतातच, मग थांबण्याचं अंतर टायर ठरवतो, पॅड नव्हे. तर पॅडच्या निवडीचा एवढा ऊहापोह कशाला? यातला पहिला भाग अगदी खरा आहे, आणि मोठी डिस्क बसवली की गाडी लवकर थांबते हा गैरसमज त्यानेच खोडला जातो. मूळ ब्रेक जर चाक अडवू शकत असेल, तर दुप्पट ताकदीचा ब्रेकही त्याहून जास्त काही करू शकत नाही. जुन्या, कडक झालेल्या टायरवर सहा पिस्टनचा कॅलिपर ही शोभेची वस्तू आहे. मात्र दुसरा भाग माणसाला यंत्र समजतो. घाबरलेला चालकही बहुतेक वेळा पुरेसा जोर लावत नाही. रोजच्या सवयीइतकं दाबतो, मग थोडं आणखी, आणि एबीएसची थरथर पायाला जाणवेपर्यंत अर्धं अंतर संपलेलं असतं. म्हणून सवयीच्या दाबाला पहिल्या क्षणी किती पकड मिळते, हेच पॅडचं खरं मोल.

ते मोल दुकानाच्या काउंटरवर ओळखायचं कसं? पॅडच्या कडेवर किंवा मागच्या लोखंडी पत्र्यावर आकड्यांच्या ओळीत दोन इंग्रजी अक्षरं शेजारी-शेजारी छापलेली सापडतात. पहिलं अक्षर साधारण तापमानातली पकड सांगतं, दुसरं तापल्यानंतरची. ई म्हणजे गुणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे त्याच्याही वर. इथल्या वापराला पहिलं अक्षर एफपेक्षा खालचं नसावं. ही अक्षरं छोट्या तुकड्यावर केलेल्या चाचणीची असतात, अख्ख्या गाडीवर केलेल्या चाचणीची नसतात, त्यामुळे त्यांच्यावरच विसंबून चालत नाही. युरोपीय गाडीसाठी त्याहून भरवशाची खूण म्हणजे आर ९० चा शिक्का: वर्तुळातलं ई आणि ९०आर ने सुरू होणारा क्रमांक. या नियमाखाली बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आत असावी लागते. खोका छापणं सोपं असतं, म्हणून शिक्का पॅडच्या पत्र्यावर पाहावा आणि बिल घ्यावं. मिश्रणाच्या जातींमध्ये सिरॅमिक पॅड चाकं स्वच्छ ठेवतो आणि कुरकुरत नाही. पण युरोपीय गाड्यांचे मूळ पॅड बहुधा थोडा धातू मिसळलेले असतात, गार असताना चांगले चावतात आणि बदल्यात अलॉयवर काळी पूड सोडतात. ती पूड धुऊन टाकावी. धातूच्या तंतूंचा भरणा असलेले पॅड मालवाहू गाडीला ठीक; महिना-महिना उभ्या राहणाऱ्या वॅगनमध्ये त्यातलं लोखंड पावसाळ्यात गंजतं आणि पॅड डिस्कलाच चिकटून बसतो.

डिस्कला भोकं पाडण्याची प्रथा आली ती एक तर वजन घटवण्यासाठी, आणि दुसरं म्हणजे जुन्या मिश्रणांचे पॅड तापल्यावर वायू सोडत, त्याला वाट देण्यासाठी. आताच्या पॅडना त्या वाटेची फारशी गरज उरलेली नाही. उलट भोक म्हणजे कमी झालेलं बीड, म्हणजे उष्णता साठवायला कमी जागा. आणि भोकाची कड हे तडा सुरू होण्याचं हक्काचं ठिकाण. इथे तर त्यात पाण्याची भर पडते. नाल्यावरच्या रपट्यावरून घोटाभर पाणी वाहत असतं आणि उतारावर ब्रेक दाबत आलेली गाडी तापल्या डिस्कसह त्यात उतरते. साधं बीडही या धक्क्याने वाकडं होऊ शकतं, भोकांचं बीड तडकण्याची शक्यता त्याहून जास्त. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटल्याची बातमी वर्षानुवर्षे येते, पण बातमीत न येणारे असे छोटे रपटे शेकड्यांनी आहेत. पाण्याच्या आधी शेवटचे दोन-तीनशे मीटर ब्रेकऐवजी गिअरने वेग उतरवणं आणि पलीकडे निघाल्यावर हलके दाबून डिस्क वाळवणं, हे कुठल्याही महागड्या डिस्कपेक्षा उपयोगी. खाचांच्या डिस्कबद्दल मात्र एक गोष्ट मान्य केली पाहिजे: खाच पॅडवरून फिरताना पाण्याचा थर आणि धुळीची साय खरवडून काढते, आणि ओल्या रस्त्यावर पहिला चावा किंचित सुधारतो. त्याची किंमत आवाजाच्या आणि पॅड लवकर संपण्याच्या रूपात मोजावी लागते. ज्याला ती परवडते त्याने खुशाल घ्यावी. भोकांच्या डिस्कची बाजू घ्यायला मला तेवढंही कारण दिसत नाही.

धुळीचा विषय चंद्रपुरात निघाला की दोष कोळशाला दिला जातो, आणि वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) खाणींभोवतीचे रस्ते पाहिले की तो साहजिकही वाटतो. पण कोळसा मऊ असतो. डिस्कवर तो भुकटी होऊन उडून जातो. घासतं ते दुसरंच. महाऔष्णिक केंद्राची राख म्हणजे काचेसारखे कठीण, सिलिका-अॅल्युमिनाचे सूक्ष्म गोळे, आणि सुरजागडहून निघणाऱ्या लोहखनिजाच्या ट्रकमागची तांबडी धूळ म्हणजे पोलादाला ओरखडा पाडू शकणारं हेमेटाइट. असे कण पॅड आणि डिस्कमध्ये अडकले की ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या गोल रेषा उठतात. चाकाच्या आत, डिस्कच्या पाठीमागे एक पातळ पत्रा असतो. तो वाकून घासायला लागला की कित्येक ठिकाणी मिस्त्री आवाज बंद करण्यासाठी तो कापूनच टाकतात. सेकंडहँड वॅगनमध्ये तो जागेवर आहे का, हे पाहणं डिस्कचा ब्रँड निवडण्याआधीचं काम आहे. नसेल तर नवी डिस्कही त्याच रेषांकडे जाईल.

जुने भाग टाकून देण्याआधी वाचून घ्यावेत, त्यांत आधीच्या मालकाचा सगळा इतिहास असतो. बाहेरचा पॅड आठ मिलिमीटर आणि त्याच चाकाचा आतला तीन, असं दिसलं तर कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या सुकून जाम झाल्या आहेत. अशा गाडीला जगातले सर्वोत्तम पॅड घाला, अर्ध्याच ताकदीने काम करतील. पिना काढून साफ करणं, त्यांची रबरी टोपणं बदलणं आणि सिलिकॉनचं ग्रीस भरणं याला डिस्कच्या तुलनेत काहीच खर्च नाही. डिस्कच्या कडेला उभा राहिलेला काठ बोटाने चाचपला तर झीज कळते, पण खरी जाडी मापायला मायक्रोमीटर हवा. साधा व्हर्निअर त्या काठावरच टेकतो आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड सांगतो. किमान जाडी डिस्कवर कोरलेली असते. नव्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी, एवढीच मुभा. लेथवर टर्निंग करून घ्यावं का, हा काटकसरीचा प्रश्न आहे आणि काटकसर काही पाप नव्हे. पण टर्निंगनंतर उरणारी जाडी किमान रेषेच्या वर भरपूर नसेल, तर वाचलेले पैसे दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत टिकत नाहीत. पातळ डिस्क म्हणजे पुन्हा कमी बीड, आणि वरचा उष्णतेचा सगळा हिशेब त्या ७ किलोंवर उभा होता.

मापाच्या बाबतीत ऑक्टेव्हियाचा मालक हमखास फसतो. त्या पिढीच्या गोल्फ, ऑडी ए ३ वगैरे भावंडांशी तिचा सांगाडा एकच, आणि त्या सांगाड्यावर पुढच्या डिस्क २५६, २८०, २८८, ३१२ मिलिमीटर अशा वेगवेगळ्या मापांत आल्या. दुकानदाराला नुसतं ‘ऑक्टेव्हिया’ सांगितलं तर चुकीचा खोका नागपूरहून येतो, परत जातो, आणि गाडी आठवडाभर जॅकवर उभी राहते. डिक्कीत स्टेपनीजवळच्या स्टिकरवर कोडांच्या रांगा असतात. त्यांतला पुढच्या आणि मागच्या ब्रेकचा तीन अक्षरी कोड आणि चॅसिस नंबर द्यावा. ते स्टिकर नसेल तर डिस्क काढून व्यास आणि जाडी मोजावी. ३१२ ची डिस्क बसवण्याचा मोह झाला तर तिला १६ इंची चाक लागतं, नवे कॅलिपर ब्रॅकेट लागतात, आणि त्या नादात टायरची भिंत बुटकी केली की एटापल्लीच्या रस्त्यावर रिम वाकते. त्याहून मोठी अडचण पुरवठ्याची. सिरोंचा गडचिरोलीपासून दोनशे किलोमीटरच्या वर आहे. मूळ मापाचे पॅड चंद्रपुरात नाहीत तर नागपुरात मिळतातच. परदेशी किटचे पॅड संपले तर कुरिअरची वाट पाहण्याखेरीज इलाज नाही. डिस्क घेताना हबचा भाग आणि आतल्या हवेच्या वाटा राखाडी लेपाने झाकलेल्या, अशी मिळाली तर थोडे जास्त पैसे द्यावेत. घासणाऱ्या भागावरचा लेप पहिल्या काही ब्रेकमध्ये निघून जातो, बाकीच्या जागी तो पावसाळ्यामागून पावसाळे गंज रोखतो.

उष्णतेची धास्ती एवढं सगळं वाचूनही जात नसेल, तर तिचा रास्त उपाय ब्रेक ऑइलमध्ये आहे. डॉट ४ चं नवं ऑइल २३० अंशांच्या वर उकळतं. ते हवेतला ओलावा शोषतं, आणि पुरेसं पाणी मुरलं की उत्कलनबिंदू १५५ पर्यंत उतरलेला असू शकतो. घाटात पेडल मऊ पडून फळीला टेकल्याचे बरेच प्रसंग डिस्कच्या नावावर खपतात, वास्तविक कॅलिपरमध्ये ऑइलची वाफ झालेली असते. सेकंडहँड गाडीत ते शेवटचं कधी बदललं याचा कागद क्वचित मिळतो. म्हणून डिस्क-पॅडच्या कामातच जुनं ऑइल पूर्ण काढावं, आणि पुढे दर दोन वर्षांनी.

बसवताना एका गोष्टीवर मिस्त्रीच्या डोक्यावर उभं राहायला हरकत नाही. नवी डिस्क ज्या हबवर टेकते, तो तारेच्या ब्रशने गंज काढून चकचकीत केला पाहिजे. डिस्क फिरताना एका मिलिमीटरच्या विसाव्या भागापेक्षा, म्हणजे ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त डुलायला नको, आणि गंजाची एक खपली तेवढी सहज असते. डुलणारी डिस्क दर फेरीला एकाच जागी पॅडला घासते, तिथे जाडी बदलते, आणि चार-सहा हजार किलोमीटरनंतर स्टिअरिंग थरथरायला लागलं की ‘डिस्क वाकली’ असं निदान होऊन दुकानदाराशी भांडण जुंपतं. मागच्या कॅलिपरचा पिस्टन सी-क्लॅम्पने सरळ दाबला तर हँडब्रेकची आतली यंत्रणा मोडते. तो फिरवत-फिरवत आत न्यायचा असतो आणि त्यासाठीचं टूल ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच गाडी द्यावी. चाकाचे बोल्ट १२० न्यूटन-मीटरला, टॉर्क रेंचने. काम झाल्यावर दिवसाउजेडी मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम दाबाने वेग उतरवायचा, पूर्ण थांबायचं नाही, आणि मग काही किलोमीटर ब्रेक न लावता चालवून डिस्क निवू द्यायची. यात पॅडच्या मिश्रणाचा पातळ, सारखा थर डिस्कवर बसतो, आणि गार असतानाची पकड त्या थरावरच अवलंबून असते. जुलै-ऑगस्टमध्ये गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर सपाट जागी, गिअरमध्ये, चाकाला दगड लावून आणि हँडब्रेक सोडून ठेवावी, म्हणजे पॅड डिस्कला चिकटून बसणार नाही.